मागं सरकलेली सीट

क्लचवर पाय पोचेना. कृष्णराजनं डावा पाय लांब केला, टाच उचलली, बुटाच्या टोकानं चाचपलं, तेव्हा कुठं पेडलची कड लागली. आधी त्याला वाटलं, आपणच वेडेवाकडे बसलोय. बोर्डाचे पेपर तपासायला तो लातूरला गेला होता, तिकडून एसटीनं थेट गावी उतरला होता, अंग आंबलं होतं, बसायचंही भान नसेल. तो पुढं सरकला तर पाठ सुटली. पाठ टेकली की पाय पोचेना, पाय पोचला की पाठ अधांतरी. त्यानं आरशात बघितलं. आरशात मागची काच नव्हती, तामलवाडीचा रस्ता नव्हता, नुसतं गाडीचं करडं छत होतं. मग त्याला उमगलं की आपलं काही चुकलेलं नाही. या सीटवर दुसरंच कुणीतरी बसून गेलं आहे. लांब पायांचं, उंच मानेचं. आणि त्यांच्या घरात तसली उंची एकट्या रणधीरदादाच्या वाट्याला आली होती.

त्यानं सीटखालची दांडी हातात धरली, पण ओढली नाही. ओढली असती तर सीट खट्कन पुढं आली असती आणि झालेलं न झाल्यासारखं झालं असतं. हेच तर तो जन्मभर करत आला होता. धाराशिवला त्याच्या गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं, दारात गाडी उभी करायला जागा उरली नव्हती, म्हणून लातूरला जाण्याआधी तो गाडी इथं आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, अंगणात लावून गेला होता. वर ताडपत्री घातली होती, चाकांना दगड लावले होते. चावी खिशात घालून नेली होती आणि तिकडे पेपर तपासता तपासता मधूनच खिशावर हात ठेवून ती चाचपली होती. आता तीच चावी समोर लटकत होती, तिच्या रिंगमधली कवडी अजून थोडी हलत होती. म्हणजे गाडी चालली ती दुसऱ्या चावीवर. दुसरी चावी कुठं असते हे त्याला पक्कं माहीत होतं. गेले कित्येक दिवस त्या जागेची आठवण आली की त्याला आतून ऊब वाटायची. आता त्याच आठवणीनं तोंड कडू झालं.

गाडी घेतली ती मुरुमला. नवी नव्हती, वापरलेली होती, पण चांगली उंच, छोट्या कुटुंबाला पुरून उरेल अशी, पांढरी. अर्पितानं, त्याच्या बायकोनं, फोनवर फोटो बघून पसंत केली होती, लेकीनं, आरोहीनं, मागच्या सीटवरची खिडकी आधीच आपल्या नावावर करून टाकली होती. पण बघायला जाताना त्या दोघींना घरी ठेवून कृष्णराजनं आबांना नेलं. गाडी तो आबांसाठीच घेत होता. मात्र हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं. गाड्या विकणारा गफार पूर्वी जनावरांच्या बाजारात दलाली करायचा आणि आबांना त्या वेळेपासून ओळखायचा. आबांनी इंजिन बघितलं नाही, मीटर बघितलं नाही. त्यांनी गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारली, बॉनेटवर बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा फिरवला, खाली वाकून टायरच्या खाचा बघितल्या. गफार हसला. "आबा, दात काय बगताव? सहादाती हाय, जवान हाय. समदं दात जुळायला अजून टाइम हाय." आबा म्हणाले, "जरा फिरवून दाव. बसल्या जाग्यावर समदीच जनावरं देखणी दिसत्यात." ते गाडीत न बसता रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि गफार गाडी पुढंमागं करत असताना तिच्या चालीकडे डोळे बारीक करून बघत राहिले. कृष्णराज त्यांच्या शेजारी उभा होता. आपल्या कशासाठी तरी आबा इतकं मन लावून बघताहेत, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं की भावात घासाघीस करायची तो विसरून गेला.

व्यवहार झाल्यावर गफारनं दोन्ही चाव्या पुढं केल्या, आणि देता देता एका चावीची पितळी रिंग नखानं उकलून काढून घेतली. त्या रिंगवर ७८६ कोरलेलं होतं, वापरून वापरून आकडे गुळगुळीत झाले होते. "राग नका मानू सर," तो म्हणाला, "रिंग आपुन देत नसतो. बैल दिला तरी दावं कोण देतंय? बरकत जाती." कृष्णराजला हसू आलं, पण आबांनी गंभीरपणे मान डोलावली. "बराबर हाय त्येचं. दावं देऊच न्हाय. दावं ठिवलं म्हंजी जनावर गेलं, इषय संपला, आपलं आपल्यापाशी ऱ्हायलं. म्या एवढी जनावरं इकली, दावं कुणाला दिलं न्हाय." घरी गोठ्याच्या खुंटीवर त्या दाव्यांचा भारा अजून लोंबत होता. गोठा रिकामा होऊन जमाना झाला होता, दावी मात्र सगळी शाबूत. लहानपणी कृष्णराजला ती ओळखू यायची, हे ढवळ्याचं, हे खिलाऱ्याचं. एखादा बैल विकल्यावर आबा दावं घेऊन घरी यायचे, खुंटीला अडकवायचे आणि त्या बैलाचं नाव पुन्हा घरात काढायचे नाहीत. तेव्हा त्याला आबांचं फार भय वाटायचं. इतकं सोपं असतं एखाद्याला मनातून काढून टाकणं, असं वाटायचं.

येताना आबा मागच्या सीटवर बसले. कृष्णराजनं पुढचं दार उघडून धरलं होतं, सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. आबा म्हणाले, "देवीच्या पायाशी गाडी गेल्याबिगर घरधन्यानं म्होरं बसू न्हाय." असा नियम त्यानं जन्मात ऐकला नव्हता. पण नियम म्हटल्यावर त्यात आपला अपमान नाही, असं त्यानं मनाला समजावलं आणि मुरुमपासून थेट गावापर्यंत शेजारच्या रिकाम्या सीटवरच्या टॉवेलला सोबत घेऊन गाडी चालवली. घरी पोचल्यावर आबांनी हात पुढं केला. "एक चावी हिकडं दे." ती त्यांनी देवघरात नेली आणि शेवटच्या बैलजोडीची पितळी घंटा ज्या खिळ्याला टांगली होती, त्याच खिळ्याला टांगली. आईनं हळदकुंकवाचं बोट चावीला लावलं. कृष्णराज उंबऱ्यात उभा राहून बघत होता. त्याला भरून आलं, अगदी खरंखुरं भरून आलं. आपली चावी त्या घंटेशेजारी. त्या रात्री त्यानं अर्पिताला हे सांगितलं तेव्हा ती उशीचा अभ्रा बदलत होती. "चावी देवापुढं ठेवली," ती म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं?" तो तिच्यावर चिडला. तुला आमच्या घरातलं कळायचं नाही, म्हणाला. तिला सगळं कळत होतं. न कळणारा त्या घरात एकच होता.

पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते उगाच नाही. दादा पुण्याला गेला तो गेलाच. दिवाळीला आणि जत्रेला मोठी गाडी घेऊन यायचा, अंगणात हॉर्न वाजवायचा, आणि आबा पटका बांधून पुढच्या सीटवर छाती काढून बसायचे. पारापाशी काच खाली करायला लावायचे. तेव्हा ना देवी आड यायची ना नियम. उरलेलं सगळं वर्ष कृष्णराजच्या मोटारसायकलचं होतं. मोतीबिंदूला सोलापूर, दातांना सोलापूर, बँकेत हयातीचा दाखला द्यायला तुळजापूर. कॉलेजात रजा टाकायची, धाराशिवहून पहाटे निघायचं, तामलवाडीत आबांना मागं बसवायचं. आणि इतक्या वर्षांत आबांनी एकदाही त्याच्या खांद्याला धरलं नाही. ते मागच्या लोखंडी कॅरिअरला धरून बसायचे, हात पाठीमागं नेऊन, अवघडून. खड्ड्यात गाडी आदळली तरी त्यांचा हात पुढं यायचा नाही. "आबा, खांद्याला धरा," तो सुरुवातीला म्हणायचा. "बसलोय म्या बराबर. तू म्होरं बग." पुढं बघता बघता त्याचे केस पिकायला लागले. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधलेले आबा आंधळ्यासारखे चाचपडत मोटारसायकलवर बसले आणि तरीसुद्धा त्यांचा हात बरोबर मागच्या लोखंडावरच गेला, तेव्हा त्याला रस्ता दिसेनासा झाला होता. डोळ्यांत धूळ गेली म्हणून तो फाट्यावर थांबला. आबा म्हणाले, "गॉगल घालत जा." गाडीचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते त्या फाट्यावर. गाडीत खांद्याला धरायचा प्रश्नच येत नाही. गाडीत माणूस शेजारी बसतो. एकदा, फक्त एकदा आबा आपल्या शेजारी बसतील, तुळजापूरच्या घाटात आपण गिअर बदलू, ते काहीतरी बोलतील, आपण हूं म्हणू. त्याला एवढंच पाहिजे होतं. एवढ्याशा गोष्टीला एक अख्खी गाडी लागली, हे कुणाला सांगितलं तर लोक हसले असते.

मग तुळजापूरला जायचं लांबत गेलं. पौर्णिमेला गर्दी असते. अमावस्येला नको. चुलत्याचं सुतक आलं. एका मंगळवारी तो सुट्टी घेऊन, गाडी धुऊन आला तर आबांना म्हणे कसकस वाटत होती, आणि दुपारी ते पारावर बसून मोठ्यानं हसताना दिसले. त्यानं त्याचाही राग मानला नाही. येता-जाता तुळजापूरच्या स्टँडपाशी थांबून त्यानं पूजेसाठी म्हणून एक कवडीची रिंग घेऊन ठेवली आणि पूजेच्या दिवशी घालायची ती आधीच चावीला लावली. घाई झाली होती त्याला. चाळिशी उलटलेला माणूस, वर्गात पोरांना तर्कशास्त्र शिकवणारा, आणि बापाच्या सबबी एकीपुढं एक मांडून त्यांतून काय निघतं, एवढं साधं अनुमान त्याला काढता येईना. की काढायचं नव्हतं?

आता त्यानं शेजारच्या सीटकडे बघितलं. टॉवेल नव्हता. सीटची पाठ मागं कललेली होती, आरामात बसायला कलवतात तशी, आणि बेल्टच्या पट्टीवर चुन्याचं पांढरं बोट पुसलेलं होतं. खाली मॅटवर नारळाच्या शेंडीचे दोनचार केस होते. तो उतरला. गाडी धुतलेली होती, लख्ख धुतलेली, दादाला घाण खपत नाही. पण वायपरच्या खाचेत पाणी पोचलेलं नव्हतं, तिथं कुंकू ओलं होऊन वाळलं होतं आणि त्यात झेंडूची एक पाकळी चिकटली होती. त्यानं नखानं ते कुंकू खरवडलं. बोट लाल झालं. ताडपत्रीची घडी भिंतीशी ठेवलेली होती, त्यानं घातली असती त्याहून नीट.

अंगणाच्या कडेला कस्तुराबाई, त्याची आई, धोतरावर कुरडया वाळत घालत होती. तिचं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं आणि नजर मात्र कुरडयांवर. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"दादा आलता?"

"आलता. सोलापुरात कुना दोस्ताचं लगीन व्हतं. रेल्वेनं आला, दोन दिस ऱ्हायला." तिनं एक कुरडई उगाच उलटी केली. "तुला फोन लावणार व्हता त्यो. हे म्हणलं, किस्ना पेपरात आसंल, कशाला तरास."

"आणि तुळजापूर?"

आईनं आणखी एक कुरडई उलटली. मग म्हणाली, "लई दिस झालं म्हणत व्हतं, थोरला आला की जाऊ, थोरला आला की जाऊ. म्या म्हणलं, आवो, गाडी त्या लेकराची हाय, त्याला तर येऊ द्या. तर माज्यावरच डाफरलं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तू मनावर घिऊ नगंस, बाबा. जेवून जा. तुज्यासाठी पुरणाची पोळी ठिवलीय, त्या दिवशीची."

त्या दिवशीची. म्हणजे पुरणाचा स्वयंपाकही झाला होता. देवीला नैवेद्य गेला, घरात पंगत झाली, आणि शिळ्या पोळीची त्याची वाटणी फडक्यात बांधून राहिली. आईचा त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं ठेवली तरी होती. जन्मभर ती त्याच्यासाठी मागून काहीतरी काढून ठेवत आली, आणि त्यामुळेच त्याला पुढून कधी मागता आलं नाही.

आबा हायवेवरच्या हॉटेलातून चहा पिऊन आले. गाडीचं दार उघडं बघून थबकले, मग सरळ त्याच्याकडेच चालत आले. चेहऱ्यावर चोरी नव्हती, अवघडलेपण नव्हतं. उलट खुशीतच होते, आणि तेच त्याला सहन होईना.

"आलास व्हय? झाली बग पूजा. झ्याक झाली. घाटात कशी चढली, आवाज न्हाय का काय न्हाय. रणधीर म्हणला, किस्नानं गाडी बेस घेतली."

"तुम्ही पुढं बसला होता?"

"मंग? पूजा व्हती म्हणल्यावर."

"येताना, पूजेनंतर?"

"जाताना बी." आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "थोरल्याच्या हातानं झालेलं बरं आसतंय, किस्ना. आपल्यात पयलं औत थोरलाच धरतोय. तुजी काय, तू हाईसच की हितं."

"म्हणून चावी ठेवून घेतली होती?"

"मंग दुसरं कशाला? त्याला आता येवढ्या लांबून त्यो हत्ती घिऊन यायला नगं. रेल्वेनं यायचं, ही काडायची, दोन दिस फिरायचं. तुलाबी धाराशिवात लावाया जागा न्हाय म्हणतूस. हितंच आसू दे की. तुला लागंल तवा तू ने."

तू हाईसच की. कृष्णराजला वाटलं, आपण ओरडणार. मोतीबिंदू, फाटा, कॅरिअर, रिकामा टॉवेल, सगळं बाहेर येणार. पण ओरडायलाही समोरच्याला काही ठाऊक असावं लागतं. आबांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याचा दुस्वास केला नव्हता, द्वेष केला नव्हता. अंगणात खांब असतो, त्याचा कुणी द्वेष करतं का? त्याला टेकतात, त्याला दोरी बांधतात, आणि पाहुणे आले की त्याच्या पलीकडून वाकून बघतात.

तो गाडीकडे गेला. आत बसला नाही, नुसता वाकला आणि चावी काढली. सीट मागं होती तशीच राहू दिली. आरसा छताकडे होता, तोही तसाच. अर्पिताचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला, आरोहीची खिडकी आली. त्यांचा यात काय दोष, असं मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणालं. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. त्यानं चावीच्या रिंगेत नख घातलं. कडी नवी होती, घट्ट होती, नख मोडलं, तरी त्यानं ती उकलली आणि चावी फिरवत फिरवत बाहेर काढली. कवडीची रिंग खिशात टाकली. उघडी चावी आबांच्या हातावर ठेवली.

"ही काय करू?" आबा म्हणाले. "माज्याकडं हाय की एक."

"असू द्या. दोन्ही असू द्या."

आबांनी चावी उलटीसुलटी केली. तिच्या वरच्या भोकावर त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी कृष्णराजच्या खिशाकडे बघितलं, आणि उभा जन्म जनावरांच्या बाजारात घातलेल्या त्या माणसाला समजून सांगायची गरज उरली नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"रिंग दे," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला.

"बैल दिल्यावर दावं कोण देतं, आबा?"

"किस्ना, आसं करू नगं."

तो फाटकाकडे निघाला. मागून चपला फरफटल्या, आबा धावत आल्यासारखे आले, आणि त्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. घट्ट. बोटं शर्टासकट मांसात रुतली. कृष्णराज थांबला. या हाताची त्यानं किती वाट बघितली होती, सोलापूरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात बघितली होती. आता तो हात आला होता, आणि कृष्णराजला एवढंच जाणवलं की हात जड आहे आणि उन्हातान्हात नकोसा होतोय. आत काहीतरी हलेल म्हणून तो क्षणभर उभा राहिला. काही हललं नाही. त्याचंच त्याला भय वाटलं. मग त्यानं ती बोटं एकेक करून सोडवली, हात आबांच्या अंगाशी नेऊन सोडला आणि रस्त्याला लागला.

मागून आई हाका मारत होती, पोळी तरी घेऊन जा म्हणत होती. धाराशिवची एसटी भरून आली होती. त्याला मधल्या वाटेत उभं राहायला मिळालं. तिकिटाच्या पैशांसाठी त्यानं खिशात हात घातला तर आधी रिंगच हाताला लागली. ही कुठं अडकवायची, असा विचार त्याच्या मनात आला. धाराशिवच्या त्याच्या घरात एकही खुंटी नव्हती.